रक्तातले मोजमाप : एचआयव्ही उपचार आणि परवडणाऱ्या चाचण्या

एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या की पहिल्या काही महिन्यांत बहुतेक रुग्णांचा ताप जातो, तोंडाला चव येते, वजन वाढू लागते. सहा महिन्यांनी आरशातला माणूस बरा दिसतो. रक्तातला विषाणू खरोखर दबला आहे का, हे मात्र आरशाला कळत नाही आणि वजनकाट्यालाही नाही. औषधाला न जुमानणारा विषाणू वाढू लागला तरी त्याची खूण अंगावर उमटायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे जातात. तेवढ्या काळात तो चालू औषधांना पुरता निर्ढावतो, त्याच गटातल्या इतर औषधांनाही सरावतो, आणि पुढे वापरता येतील अशा गोळ्या कमी कमी होत जातात. उपचार चालू असताना ठरावीक काळाने रक्त तपासायचे ते यासाठी. निदानाची चाचणी एकदा झाली की संपते. देखरेखीची चाचणी आयुष्यभर पाठीशी असते. तिची किंमत, तिला लागणारे यंत्र आणि तिच्यापायी बुडणारा रोज या सगळ्याचा हिशेब म्हणूनच करावा लागतो.

देखरेखीत तीन गोष्टी पाहिल्या जातात. प्रतिकारशक्ती किती शिल्लक आहे, हे सीडी-४ पेशींच्या संख्येवरून. विषाणू किती आहे, हे व्हायरल लोडवरून. आणि गोळ्या शरीराला सोसत आहेत का, हे हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडाच्या साध्या चाचण्यांवरून. पहिल्या दोन आकड्यांचे नाते पुण्याच्या वाचकाला खडकवासल्यावरून पटकन उमगेल. धरणात किती टीएमसी पाणी आहे, तो सीडी-४. भिंतीतून किती गळते आहे, तो व्हायरल लोड. साठा भरपूर असताना गळती सुरू झाली तर साठ्याचा आकडा बरेच दिवस चांगलाच दिसतो. उलट गळती पूर्ण थांबवली तरी आटलेले धरण एका रात्रीत भरत नाही. गोळ्या उत्तम लागू पडूनही ज्यांचा सीडी-४ वर्षानुवर्षे तीनशेच्या पुढे सरकत नाही, असे रुग्ण प्रत्येक एआरटी (विषाणूविरोधी उपचार) सेंटरवर असतात. नुसता साठा पाहणाऱ्या डॉक्टरला त्यांची औषधे बदलावीशी वाटतात, आणि ज्याची भिंत आतून झिरपते आहे तो रुग्ण मात्र ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो.

औषधांच्या किमतीची कथा महाराष्ट्रात बऱ्यापैकी माहीत आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा पुरवठा ३५० डॉलरला देण्याची तयारी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेकडे दाखवली. पाश्चात्त्य देशांत तोच उपचार तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता. पुढच्या काही वर्षांत किंमत आणखी उतरली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. चाचण्यांच्या किमती मात्र तशा उतरल्या नाहीत. गोळी एकदा कळली की कोणताही चांगला कारखाना ती बनवू शकतो. चाचणीचे तसे नसते. यंत्र एका कंपनीचे, त्यात चालणारे रिएजंटही त्याच कंपनीचे, आणि दुरुस्तीला येणारा अभियंताही तिचाच. पाश्चात्त्य पद्धतीने दर तीन महिन्यांनी दोन्ही चाचण्या केल्या असत्या, तर रुग्णाच्या वर्षभराच्या गोळ्यांपेक्षा त्याच्या तपासण्याच महाग पडल्या असत्या. स्वस्त चाचणीचा शोध या विसंगतीतून सुरू झाला.

या शोधाशी पुण्याचा संबंध जवळचा आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५२ मध्ये येथे सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाले. १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. तिचे नाव अलीकडे बदलले असले तरी पुण्यात ती ‘नारी’ म्हणूनच ओळखली जाते. कर्वे रस्त्यावर ‘प्रयास’ या स्वयंसेवी संस्थेच्या आरोग्य गटाचे अमृता क्लिनिक आहे. सरकारी मोफत औषधे येण्याआधीच्या, रुग्णाने स्वतःच्या खिशातून गोळ्या घेण्याच्या काळापासून एचआयव्हीबाधितांवर उपचार व समुपदेशन करणाऱ्यांत या संस्थेचे नाव घ्यावे लागते. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, संबंध असलेल्या विवाहिता होत्या. चाचण्यांच्या चर्चेत हा अभ्यास आठवायचे कारण असे, की देखरेखीसाठी वर्षातून दोन-तीनदा रांगेत उभी राहणारी व्यक्ती कोण आहे, हे त्यातून दिसले. धुण्याभांड्याची कामे करणारी, घरी ‘दवाखान्यात चालले’ एवढेच सांगू शकणारी बाई ही या विषयातली सरासरी रुग्ण आहे.

कर्वे रस्ता ओलांडून पुढे गेले की कर्वेनगर लागते. जुने हिंगणे बुद्रुक ते हेच. नाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, लैंगिक आरोग्यावर उघड लिहिले, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. ज्या आजाराचे नाव घेणे अवघड, त्याची तपासणीही अवघड होते, हा अनुभव मराठी समाजाला एचआयव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. कर्वेनगर-वारज्यातून आठ-दहा किलोमीटरवरच्या ससून रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाला जवळच्या प्रयोगशाळेत रक्त देणे सोयीचे असते. पण जवळची प्रयोगशाळा म्हणजे ओळखीची माणसे. काही जण मुद्दाम लांबचे सेंटर निवडतात. चाचणी रुग्णाच्या दाराशी आणली की काम झाले, असे मानणाऱ्या योजना येथे अडखळतात.

सीडी-४ मोजण्याची मूळ पद्धत फ्लो सायटोमेट्रीची. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर निरनिराळ्या प्रकारची प्रथिने असतात. त्यांतल्या एकाचे नाव सीडी-४. या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून तो रक्तात मिसळतात. मग पेशी एकामागून एक अशा बारीक धारेतून लेझर किरणासमोरून सोडल्या जातात आणि यंत्र चमकणाऱ्या पेशी मोजते. निरोगी माणसात घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की संधिसाधू आजारांचा धोका फार वाढतो. यंत्र पेशींची टक्केवारी सहज देते, पण टक्केवारीवरून संख्या काढायची तर रक्ताच्या ठरावीक आकारमानात एकूण पेशी किती, हे ठाऊक हवे. ते दोन प्रकारे साधते. एक तर दुसऱ्या यंत्रावर पांढऱ्या पेशी मोजून गुणाकार करायचा. दोन यंत्रांच्या चुकाही मग एकमेकींत मिसळतात. नाहीतर नळीतच ठाऊक संख्येचे सूक्ष्म मणी घालून पेशी आणि मणी यांचे प्रमाण काढायचे. भारतातील एआरटी सेंटरांवर दीर्घकाळ वापरात असलेले फॅक्सकाउंट हे यंत्र मण्यांच्या पद्धतीचे. ते अचूक आणि चालवायला सोपे, पण त्याच्या नळ्या महाग.

स्वस्ताईचे पहिले प्रयोग या नळीवरच झाले. रूढ पद्धतीत तीन-चार प्रकारचे प्रतिपिंड लागत. दक्षिण आफ्रिकेतील डेबोरा ग्लेनक्रॉस यांनी २००२ च्या सुमारास पॅनल्युकोगेटिंग ही पद्धत मांडली. तिच्यात सर्व पांढऱ्या पेशी दाखवणारा सीडी-४५ आणि दुसरा सीडी-४, असे दोनच प्रतिपिंड पुरतात, आणि छेद म्हणून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराऐवजी एकूण पांढऱ्या पेशी धरल्या जातात. शिळ्या होत चाललेल्या रक्तात लिम्फोसाइट वेगळे ओळखणे कठीण होते, एकूण पांढऱ्या पेशी मात्र बराच काळ ओळखू येतात. म्हणजे किंमत घटली आणि दूरच्या गावाहून उशिरा येणारा नमुनाही वापरता येऊ लागला. जर्मनीच्या पार्टेक कंपनीने दुसरी वाट धरली. ठरावीक आकारमानाचे रक्त थेट मोजणारे साधे यंत्र आणले आणि मण्यांचा खर्च वाचवला. याखेरीज चुंबकीय मण्यांनी सीडी-४ पेशी ओढून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत होती. कागदावर ती सर्वांत स्वस्त. प्रत्यक्षात एक तंत्रज्ञ दिवसाला मोजकेच नमुने करू शकतो, डोळे थकतात, आणि संध्याकाळचे आकडे सकाळच्या आकड्यांशी जुळत नाहीत. त्याहूनही स्वस्त उपाय जागतिक आरोग्य संघटनेने एकेकाळी मान्य केला होता: सीडी-४ मिळतच नसेल तर लक्षणे असलेल्या रुग्णात एकूण लिम्फोसाइट १२०० च्या खाली आहेत का, एवढेच पाहायचे. गोळ्या कोणाला सुरू करायच्या, हे ठरवायला त्याचा थोडाफार उपयोग झाला. उपचारावर देखरेख ठेवायला तो जवळपास निरुपयोगी ठरला.

सीडी-४ च्या आकड्याकडे पाहताना एक गोष्ट नेहमी निसटते. एकाच माणसाचा आकडा दिवसाच्या वेळेनुसार बदलतो, साध्या सर्दीतापात उतरतो, गरोदरपणात रक्त पातळ झाल्याने कमी दिसतो. लहान मुलांत संख्या मुळातच जास्त असल्याने पाच वर्षांखाली टक्केवारीच पाहावी लागते. दोन तपासण्यांतला पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक आजाराचा नसूही शकतो. त्यात प्रयोगशाळेची चूक मिसळली की आकड्याला अर्थच उरत नाही. यासाठी बाह्य गुणवत्ता तपासणी लागते. देशभरातील सीडी-४ केंद्रांसाठी हे काम नारीकडे आले. त्याला कॅनडातील क्यूएएसआय या कार्यक्रमाची साथ होती. टिकाऊ केलेल्या रक्ताचे नमुने सगळ्या केंद्रांना पाठवायचे, प्रत्येकाने आपला आकडा कळवायचा, आणि सर्वांच्या सरासरीपासून कोण किती दूर आहे हे काढून ज्याचे मोजमाप घसरले असेल त्याला गाठायचे. वर्तमानपत्रात ज्याची बातमी होत नाही असे हे काम. पण दहा वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात मोजलेला आकडा आज दुसऱ्या जिल्ह्यात मोजलेल्या आकड्याशेजारी ठेवता येतो तो त्याच्या जोरावर. स्वस्त यंत्र घेऊन गुणवत्ता तपासणी वगळणे ही खोटी काटकसर.

२०१० च्या आसपास पिमा हे छोटे यंत्र आले. बोटाला टोचून काढलेले थेंबभर रक्त बंद काडतुसात घालायचे. आतला कॅमेरा चमकणाऱ्या पेशींची छायाचित्रे घेतो आणि वीस मिनिटांत आकडा देतो. शीतसाखळी नको, नळ्या नकोत, प्रशिक्षित तंत्रज्ञही नको. एकेका काडतुसाची किंमत मोठ्या यंत्रावरच्या चाचणीहून जास्त, तरी जिथे दिवसाला पाच-सहाच रुग्ण येतात तिथे एकूण खर्च कमी. याच वळणावर परवडण्याचा अर्थ बदलला. किटची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. रुग्णाची दुसरी फेरी, वाटेत हरवलेला अहवाल, दुरुस्तीअभावी दोन महिने बंद पडलेले मोठे यंत्र हेही खर्चच आहेत.

तिसऱ्या गटातल्या साध्या चाचण्यांवर फारसे लिहिले जात नाही. झिडोव्हुडिन हे औषध रक्तपेशी घटवते. हिमोग्लोबिन ९ ग्रॅमच्या खाली असेल तर ते सुरू करत नाहीत. ज्या राज्यात स्त्रियांमध्ये पंडुरोग इतका सर्रास आहे, तिथे काही रुपयांची ही चाचणी एखाद्या रुग्णाला रक्त चढवण्यापासून वाचवते. नेव्हिरापिनसाठी यकृताचे एएलटी, टेनोफोव्हिरसाठी क्रिएटिनिन. क्रिएटिनिनच्या आकड्याला वय, वजन आणि लिंग जोडले की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कागद-पेन्सिलीने काढता येते, आणि ती मिनिटाला ५० मिलिलिटरहून कमी असेल तर टेनोफोव्हिर सांभाळून द्यावे लागते किंवा टाळावे लागते. वजनकाटा हे या उपचारातले सर्वांत स्वस्त उपकरण, आणि अनेकदा सर्वांत दुर्लक्षित.

चाचण्या खरोखर किती हव्यात, हा प्रश्न आफ्रिकेत सरळ विचारला गेला. युगांडा आणि झिम्बाब्वेतील ३,३१६ रुग्णांवर झालेल्या डार्ट अभ्यासात निम्म्यांच्या चाचण्यांचे अहवाल डॉक्टरांना नियमित दिले, उरलेल्यांचे दिले नाहीत. त्यांच्यावर केवळ लक्षणांवरून देखरेख ठेवली. पाच वर्षांनी चाचणीवाल्या गटात ९० टक्के आणि लक्षणांवाल्या गटात ८७ टक्के रुग्ण हयात होते. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर दोन्ही बाजूंनी त्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढला. प्रयोगशाळा नाही म्हणून गोळ्या थांबवणे चूक, हा निष्कर्ष निर्विवाद आहे. चाचण्या अनावश्यक, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तीन टक्के ही माणसे आहेत, आणि त्या अभ्यासात दोन्ही गटांना व्हायरल लोड मिळालेलाच नव्हता.

व्हायरल लोड म्हणजे मिलिलिटरभर प्लाझ्मामध्ये विषाणूच्या आरएनएच्या प्रती किती. उपचाराविना शरीरात रोज दहा अब्जांच्या घरात विषाणू तयार होतात, त्यामुळे आकडे हजार-लाखांत जातात आणि ते लॉग प्रमाणात वाचावे लागतात. दोन आकड्यांत अर्धा लॉग, म्हणजे साधारण तिप्पट, फरक असेल तरच तो खरा धरतात. मोजणी पीसीआरने होते. आरएनएची डीएनएत नक्कल करायची, मग ती फेरीगणिक दुप्पट करत जायची. कितव्या फेरीला चमक दिसली, यावरून मूळ प्रती किती ते कळते. आरएनएवरून डीएनए करणारे विकर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. ते या कुळातल्या विषाणूंचेच हत्यार. प्रयोगशाळेने ते उसने घेतले आहे. एका खोलीतली दुप्पट झालेली नक्कल दुसऱ्या खोलीतल्या नव्या नमुन्यात पडली तर निरोगी नमुनाही बाधित दिसेल, म्हणून पीसीआरच्या प्रयोगशाळेला स्वतंत्र खोल्या, एकाच दिशेने जाणारे काम, वातानुकूलन आणि अखंड वीज लागते. चाचणीच्या किमतीत या भिंतीही असतात.

पीसीआर टाळून हाच प्रश्न सोडवण्याचे प्रयत्न २००० नंतरच्या दशकात बरेच झाले. स्वीडनच्या कॅव्हिडी कंपनीची एक्साव्हिर चाचणी आरएनए मोजण्याऐवजी रक्तातल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजची क्रिया मोजत असे. एलायझा करू शकणारी कोणतीही प्रयोगशाळा ती करू शकत होती, पण एका खेपेला दोन-तीन दिवस लागत. विषाणूचे पी-२४ प्रथिन उष्णतेने मोकळे करून मोजण्याची पद्धतही होती. कमी प्रतींवर तिची नजर पोचत नसे. पुढे पीसीआर स्वस्त झाल्यावर दोन्ही मागे पडल्या.

भारतात २००८ मध्ये दुसऱ्या फळीचे, म्हणजे पहिल्या गोळ्या निकामी ठरल्यावर द्यायचे, औषध प्रथम जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरमच्या रुग्णालयात उपलब्ध झाले. कोणाला द्यायचे, हे ठरवताना सीडी-४ घसरलेल्या रुग्णांचा व्हायरल लोड केला जाई. अशा संशयितांतही अनेकांचा विषाणू दबलेलाच निघे. म्हणजे त्यांची सहज चालणारी औषधे विनाकारण बदलली गेली असती. सीडी-४ शाबूत आणि विषाणू मात्र वाढलेला, अशांपर्यंत ही पद्धत पोचतच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये व्हायरल लोड ही देखरेखीची पसंतीची चाचणी ठरवली. २०१४ मध्ये रॉश कंपनीने गरीब देशांसाठी चाचणीची कमाल किंमत ९.४० डॉलर जाहीर केली. भारतात एप्रिल २०१७ मध्ये ‘टेस्ट अँड ट्रीट’ आले, निदान होताच सगळ्यांना गोळ्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये एआरटीवरील प्रत्येक रुग्णाला नियमित व्हायरल लोड देण्याची घोषणा झाली. सहा महिन्यांनी एकदा, बारा महिन्यांनी एकदा, मग दरवर्षी, असा क्रम ठरला. आकडा १००० च्या वर गेला तर थेट औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक गोळ्या कुठे चुकतात ते शोधतो, तीन महिने वाढीव पाठपुरावा होतो, आणि मग फेरतपासणी. अनेकांचा आकडा तेवढ्यानेच खाली येतो. डोल्युटेग्राव्हिर आल्यानंतर तर ही पायरी अधिकच मोलाची झाली, कारण या औषधाला विषाणू सहजी दाद देणे सोडत नाही. आकडा वर गेला तर बहुधा गोळ्या पोटात गेलेल्या नसतात.

या चाचणीला आणखी एक वजन २०११ मध्ये आले. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरील एचपीटीएन ०५२ या अभ्यासात, ज्यात पुण्याचे नारी हे एक केंद्र होते, लवकर उपचार सुरू झालेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. दबलेला व्हायरल लोड हा तेव्हापासून जोडीदाराच्या सुरक्षिततेचाही दाखला झाला.

प्लाझ्माची अडचण प्रवासाची. रक्त नळीत घेतल्यापासून काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो आणि थंडच पाठवावा लागतो. यावर उपाय म्हणजे गाळणकागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब. बाळांच्या एचआयव्ही निदानासाठी भारतात ही पद्धत रुळलेली आहे. कागदावरचे गोल भरायचे, वाळवायचे, शोषक पुडीसह पाकिटात बंद करून टपालाने धाडायचे. पावसाळ्यात कोकणात किंवा मावळात कागद नीट वाळणे, हीच मोठी परीक्षा. देखरेखीसाठी मात्र या थेंबाला गणिती मर्यादा आहे. एका थेंबात सुमारे ७० मायक्रोलिटर रक्त, त्यात प्लाझ्मा ४० च्या आसपास. मिलिलिटरला १००० प्रती असतील तर थेंबात साधारण ४०, त्या सापडतात. मिलिलिटरला ५० प्रती असतील तर थेंबात दोन. त्या सापडणे नशिबाचा भाग. शिवाय वाळलेल्या थेंबात पेशीही असतात आणि पेशींत दडलेले विषाणूचे डीएनए मोजणीत शिरून आकडा फुगवते. म्हणून थेंबावरचा निकाल हजाराच्या वर की खाली, एवढ्याच प्रश्नाला विश्वासाने उत्तर देतो. देशातल्या नियमित तपासणीचा मुख्य आधार प्लाझ्माच राहिला आहे.

नमुने एकत्र करून तपासणे ही दुसरी काटकसर. शंभर रुग्णांत पंच्याण्णवांचा विषाणू दबलेला असेल, तर पाच-पाच जणांचा प्लाझ्मा मिसळून वीस चाचण्या करायच्या आणि ज्या गटात विषाणू दिसला त्यातल्याच पाचांची स्वतंत्र चाचणी करायची. उरलेले पाच जण पाच वेगळ्या गटांत पडले, तरी एकूण चाचण्या पंचेचाळीस. मात्र तीस जणांचा उपचार फसला असेल तर बहुतेक सगळे गट फेरतपासावे लागतात आणि बेरीज शंभराच्या पुढे जाते. उपचार चांगला चाललेल्या ठिकाणीच ही युक्ती स्वस्त पडते, ही त्यातली गंमत. शिवाय मिश्रणात नमुना पाचपट पातळ होत असल्याने हजाराची मर्यादा पकडायला यंत्राची नजर दोनशेपर्यंत पोचावी लागते.

यंत्रच रुग्णाजवळ नेण्याचे प्रयत्न आता क्षयरोगाच्या वाटेने होत आहेत. क्षयासाठी ठिकठिकाणी बसवलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रावर वेगळे काडतूस घालून सुमारे दीड तासात व्हायरल लोड मिळतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे, चिपवर पीसीआर करणारे यंत्र त्याच जातीचे. एकाच यंत्रावर दोन आजार बसले की त्याचा खर्च वाटला जातो. अर्थात क्षयाच्या नमुन्यांची रांग लांब असेल तर एचआयव्हीचा नमुना मागे राहतो. दीड तासात आकडा मिळाला तरी तो पाहून त्याच दिवशी रुग्णाशी बोलणारा समुपदेशक जागेवर नसेल, तर अहवाल रुग्णाच्या कार्डात लागतो आणि पुढच्या महिन्यापर्यंत तिथेच राहतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, चाचणीला संमती आणि अहवालाला गुप्तता बंधनकारक केली. लहान केंद्रावर, जिथे रक्त घेणारा आणि औषध देणारा शेजारच्याच गल्लीतला असतो, तिथे हे पाळायला यंत्रापेक्षा भिंत आणि दार अधिक लागते.

खासगीत उपचार घेणाऱ्यांचा हिशेब वेगळाच. पुण्यातल्या खासगी प्रयोगशाळेत व्हायरल लोडला आजही काही हजार रुपये पडतात, त्यामुळे वर्षाची तपासणी दोन वर्षांवर जाते. काही जण गोळ्या खासगीतून घेतात आणि तपासणीपुरते सरकारी सेंटर गाठू पाहतात. नोंदणी नसल्याने तिथे त्यांचे काम अडू शकते.

सगळ्यांना लगेच गोळ्या मिळू लागल्यावर गोळ्या कधी सुरू करायच्या, या प्रश्नासाठी सीडी-४ ची गरज संपली. २००, मग ३५०, मग ५०० अशी चढत गेलेली सीमारेषा पुसली गेली. भारतीय मार्गदर्शनानुसार सीडी-४ ३५० च्या वर आणि विषाणू दबलेला राहिला, तर त्या रुग्णाची ही तपासणी थांबवता येते. मागणी घटली तशी मोठ्या यंत्रांची निगा ढिली झाली. पण उशिरा येणारे रुग्ण थांबलेले नाहीत. क्षय किंवा मेंदूच्या बुरशीजन्य आजारासह येणारा, किंवा वर्षभर गोळ्या सोडून परतलेला रुग्ण किती खोलात आहे, हे सीडी-४ शिवाय कळत नाही. त्यांच्यासाठी व्हिजिटेक्ट नावाची पट्टी निघाली आहे. गरोदरपणाच्या पट्टीसारखी, यंत्राविना चालणारी, चाळीस मिनिटांत उत्तर देणारी. रुग्णाची रेघ संदर्भरेघेपेक्षा फिकट दिसली तर सीडी-४ २०० च्या खाली, तितकीच किंवा गडद दिसली तर वर. नेमकी संख्या ती सांगत नाही. खाली असेल त्याच्यासाठी त्याच बैठकीत आणखी दोन पट्ट्या आहेत. लघवीवरची लॅम पंचवीस मिनिटांत क्षयाचा अंश दाखवते आणि रक्तावरची क्रिप्टोकोकसची दहा मिनिटांत त्या बुरशीचा, डोकेदुखी सुरू होण्याच्या कितीतरी आधी.